मुलगा आठवीत आहे. प्रगतिपुस्तकात गणिताला 'ब-१' आणि खाली 'गणितात रुची घेतो' अशी नोंद. शाळा म्हणते सगळं छान चाललंय, क्लासचे सर म्हणतात पाया कच्चा आहे. कोणाचं खरं मानायचं?

दोघांचंही खरं असू शकतं. कसं ते सांगतो. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आहे आणि तुम्ही लिहिलेली ती नोंद वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांबण लागेल.

'ब-१' म्हणजे शंभरापैकी ७१ ते ८०. आठवीला त्यातले ४० गुण आकारिकचे आणि ६० संकलितचे. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, चाचणी असं सगळं येतं. संकलित म्हणजे सत्राची परीक्षा. आता एका मुलाला आकारिकमध्ये ३८ आणि संकलितमध्ये ३४ मिळाले, तर झाले ७२. दुसऱ्याला २६ आणि ४६, तरी ७२च. दोघांनाही 'ब-१'. पहिला मुलगा वही नीटनेटकी ठेवतो, प्रकल्प वेळेवर देतो, पण पेपर समोर आला की अडतो. दुसऱ्याला गणित येतं, वह्या पूर्ण नसतात. दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी, आणि श्रेणी मात्र एकच. तेव्हा शाळेत जाऊन पहिला प्रश्न हा विचारा: आकारिकचे किती, संकलितचे किती?

आता त्या नोंदीबद्दल. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये अनेकांनी नाकं मुरडली होती. मला मात्र ते मनापासून पटलं होतं, आजही पटतं. मुलाला नेमकं काय येतं आणि कुठे अडतं, हे शिक्षकानं शब्दांत लिहायचं, यापेक्षा शहाणपणाची गोष्ट प्रगतिपुस्तकात दुसरी नाही. आणि आम्ही शाळांनी नेमकी तीच मारून टाकली. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात, त्यातलं वाक्य उचलायचं आणि चाळीस कार्डांवर उतरवायचं.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांचा आठवडी बाजारात भाजीचा गाळा, ती तिथे बसायची. तोंडी हिशेबात वर्गात तिचा हात कोणी धरत नव्हतं. पण एकचल समीकरण कागदावर आलं की पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना ती चिन्ह बदलायची नाही. अलीकडचे उणे पाच पलीकडेही उणे पाचच. पुढची सगळी आकडेमोड बिनचूक आणि उत्तर चुकलेलं. प्रत्येक उदाहरणात हेच. सत्राअखेर तिला 'ब-२' आली. मी नोंद लिहिली: 'तोंडी हिशेब अतिशय जलद. समीकरणात पद पलीकडे नेताना चिन्ह बदलत नाही.'

कार्ड हेडसरांकडून परत आलं, दुसऱ्या वाक्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. "सर, नोंद सकारात्मक पाहिजे. उद्या साहेब तपासायला आले तर मी काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, नोंदवहीत 'सुधारणा आवश्यक' असा रकानाच आहे, तो कशासाठी? तर म्हणे, "तिथे 'अधिक सराव आवश्यक' लिहा, सगळे तेच लिहितात." बराच वाद झाला. शेवटी कार्डावर गेलं ते 'गणितात रुची घेते. अधिक सराव आवश्यक.'

पालकसभेला वडील आले, कार्ड वाचून खूश झाले. मी तिची वही काढली, दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. हिशेबाला पक्का माणूस, लगेच लक्षात आलं त्यांच्या. ते म्हणाले, "सर, मग हे इथं का नाही लिहिलं?"

पुढच्या वर्षी नववीला तिला दुसरे शिक्षक. दोन चलांची समीकरणं सुरू झाली आणि पोरगी कोसळली. घटक चाचणीनंतर ते सर मला विचारायला आले, "ही तर तुमच्याकडे रुची घेत होती ना?" एका ओळीचं काम होतं. ती ओळ कार्डावर असती तर जूनमध्येच चार दिवसांत विषय संपला असता.

हेडसरांचं म्हणणं होतं की मुलावर शिक्का बसतो. 'मंद आहे', 'जेमतेम आहे' असं लिहिलं तर बसतोच, आणि तसं लिहिणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. पण 'चिन्ह बदलत नाही' हा शिक्का नाही, तो पत्ता आहे. कुठे जाऊन दुरुस्त करायचं ते सांगणारा. नुसतं 'अधिक सराव' लिहून काय होणार? ती चुकीचाच सराव करत होती, रोज.

हे गोड लिहिण्याचं दुखणं दहावीपर्यंत जातं. अंतर्गतचे, म्हणजे शाळेनंच द्यायचे, २० गुण सर्रास वाटले जातात. २०१९ला भाषांच्या तोंडीचे गुण काढले, तेव्हा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०१९ला अभ्यासक्रम आणि कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिकेचं नवं रूप) नव्या होत्या आणि २०२० साली करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, त्यामुळे सगळं खापर त्या २० गुणांवर फोडता येणार नाही. तरी माझं मत कायम आहे: सगळ्यांना वीसपैकी वीस दिले की ते गुण पालकांना काहीच सांगत नाहीत.

आणि 'आठवीपर्यंत परीक्षाच नसते' हे आता तरी सोडा. नापास करायचं नाही असा नियम होता, परीक्षा तेव्हाही होत्या. २०२३-२४ पासून तर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे.

तुमच्या मुलाचं बोलायचं तर संकलितची उत्तरपत्रिका बघायला मागा. हातात आली की गुण मोजत बसू नका, एकच चूक किती ठिकाणी आहे ते शोधा. क्लासच्या सरांनाही विचारा, कच्चं म्हणजे नेमकं काय? अपूर्णांक, चिन्हं की भूमिती? त्यांना सांगता आलं नाही तर त्यांचं 'पाया कच्चा' शाळेच्या 'रुची घेतो'पेक्षा तसूभरही बरं नाही.

शाळेत भांडायला मात्र जाऊ नका. एका शिक्षकाकडे तीन-चार तुकड्या असतात, शेकडो नोंदी लिहायच्या असतात, त्यात ऑनलाइन माहिती भरायची वेगळीच. पुष्कळ शिक्षकांना मुलाचं सगळं माहीत असतं, कार्डावर लिहायची सोय नसते. वही घेऊन समोर बसलात तर ते सांगतील. आणि जूनमध्ये नववीच्या गणिताच्या सरांना पहिल्याच आठवड्यात भेटून, आठवीत काय राहिलंय ते तुम्हीच सांगा. त्यांच्या हातातल्या कागदावर ते नसेल.