जुन्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज पाइप गळतोय. घरी बदलता येईल का? आणि तेवढाच बदलू की सगळे?

सगळे बदला. "गळतोय तेवढाच बदल" म्हणणारा माणूस आमच्याच घरात आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्याही गाडीचा वरचाच पाइप थर्मोस्टॅटच्या टोकाला पाझरत होता. क्लिपच्या कडेला हिरवट पांढरी पापडी धरली होती. दाजींनी बॉनेटमध्ये डोकावून "काही नाही रे, क्लिप आवळ" म्हटलं आणि मी नको म्हणेपर्यंत स्क्रूड्रायव्हर फिरवलासुद्धा. गळती थांबली. मग जेवताना सगळ्यांसमोर माझ्या पैसे उधळण्यावर प्रवचन! थोड्याच दिवसांत तिथेच पुन्हा ओल, कारण पट्टी मऊ रबरात रुतून बसली होती.

मी सगळे पाइप काढले. खालचा बाहेरून अगदी ठणठणीत होता. तो उभा चिरून दाजींसमोर धरला. टोकापाशी आतून बारीक बारीक उभ्या भेगा, बोटाने वाकवलं की उघडणाऱ्या. इंजिनाचे धातू आणि कूलंट यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो, तो रबर आतूनच खातो. बाहेरून पत्ता लागत नाही. दाजी म्हणाले, "ते तू कापताना पडलं असेल." म्हटलं, दाजी, ब्लेडने चीर एकच पडते. यावर आजतागायत उत्तर नाही, पण मान्यही नाही.

तर घरी जमतं. चिकटलेला पाइप पिळून ओढू नका, रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तुटलं तर खर्च कुठल्या कुठे जाईल. सरळ ब्लेडने चिरा, तसाही फेकायचाच आहे. नवा सरकत नसेल तर थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल लावाल तर रबर फुगेल. मूळ क्लिपा स्प्रिंगच्या असतील तर त्याच ठेवा. रबर तापून-निवून कमीजास्त होतं तशी त्यांची पकडही जुळवून घेते, स्क्रूवाल्या पट्टीला ते जमत नाही (हेही दाजींना पटत नाही). खालच्या पाइपात आत तारेची स्प्रिंग असेल तर नव्यातही ती असलेली बरी, नाहीतर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होऊ शकतो.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हीटर फुल गरमवर, आणि हवा निघेपर्यंत इंजिन चालू. हवा काढायचा स्क्रू कुठे आहे ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, प्रत्येकीचं वेगळं असतं.

हो, आधीच सांगायला हवं होतं: हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. आत दाब असतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलंत की सरळ अंगावर येतं. केबिनकडे जाणारे हीटरचे पाइप हाताला येत नसतील तर तेवढे मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.