जाळीखालची कोकमाची रोपं उन्हात लावली, पानं पांढरी का पडली?

रोपवाटिकेतून आणलेली कोकमाची रोपं परसात लावली, रोज पाणी घातलं, तरी दोन दिवसांत पानांवर पांढरे चट्टे पडले. हा रोग आहे का, असं तुम्ही विचारलंय. रोग नाही. हिरव्या जाळीखाली वाढलेली रोपं ऑक्टोबरच्या उन्हात एकदम उघडी पडली, एवढंच. मी फणसाच्या रोपांवर हाच उद्योग केलाय, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवत नाही.

सावलीतलं पान कमकुवत नसतं, काटकसरी असतं. दाट सदाहरित जंगलात वरच्या उजेडातला जेमतेम 1-2 टक्के जमिनीपर्यंत पोचतो. तेवढ्यात भागवायचं म्हणून पान पातळ आणि पसरट. हरितद्रव्याचा मोठा वाटा प्रकाश गोळा करण्याच्या कामी, आणि कर्ब वायू पकडणारं रुबिस्को हे खर्चिक प्रथिन मोजकंच. श्वसनही बेताचं, त्यामुळे मंद उजेडातही जमाखर्च जुळतो.

जंगलात अशा पानावर मधूनच कवडसा पडतो, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती तिथे. कवडसा आला तेव्हा पर्णरंध्रं अर्धवट मिटलेली, रुबिस्कोही बरंचसं निजलेलं. सगळं पूर्ण जागं व्हायला दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. म्हणजे पहिला कवडसा बराचसा वायाच. पण पान लगेच पुन्हा झोपत नाही; थोड्या वेळाने दुसरा आला तर त्याचा चांगला उपयोग करून घेतं.

ऊन जास्त झालं तर बचावही आहे. हरितलवकं पेशीच्या बाजूच्या भिंतींकडे सरकून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचं काही मिनिटांत झियाझँथिन होतं आणि जादा ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. सावली परतली की हे उलट फिरतं, पण सावकाश.

तुमच्या परसात मात्र कवडसा नव्हता, दिवसभराचं ऊन होतं. माती ओली असली तरी दुपारच्या गरम हवेत पान रंध्रं मिटून घेतं. आत कर्ब वायू कमी पडतो, प्रकाश मात्र शोषला जातच असतो. मग प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतलं डी-वन हे प्रथिन मोडायला लागतं. ते एरवीही रोज मोडतं आणि पान नवं बनवतं, पण दुरुस्तीपेक्षा मोडतोड वाढली की हरितद्रव्य जळतं आणि चट्टे दिसतात. म्हणून नुसत्या पाण्याने भागलं नाही.

ते चट्टे आता हिरवे होणार नाहीत. तयार झालेलं पान रंगद्रव्यं बदलू शकतं, जाडी फारशी नाही; उन्हाला साजेसं जाड पान नव्या पालवीतच येईल. तोवर अर्धवट हिरवी पानं तोडू नका, रोप त्यांच्यावरच जगतंय. पश्चिमेकडून आणि डोक्यावर माडाच्या झावळ्या उभ्या करा, सकाळचं कोवळं ऊन लागू द्या, आणि दोन-तीन आठवड्यांत झावळ्या एकेक करून काढा. कोकमाला सावली मानवते, घाई नाही. शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे.

आणि नवी पालवी तांबूस येईल. कोकमाची तशीच असते, रोगट समजून खुडू नका.