मागचं चाक सारखं आउट होतंय, काय करू?

प्रश्न : काका, माझी २९ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, शनिवार-रविवार वेताळ टेकडीवर असतो. तीन-चार राइड झाल्या की मागचं चाक आउट, म्हणजे वाकडं होऊन डुलायला लागतं. दुकानात दहा मिनिटांत आउट काढून देतात, पण पुन्हा तेच! वर म्हणतात तू उड्या मारतोस म्हणून होतं. वजन ८२ किलो. नवीन चाक घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अरे, उड्या नाही मारायच्या तर एमटीबी घेतली कशाला! चाक घेऊ नकोस इतक्यात. आधी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूच्या तारा दोन-दोन चिमटीत धरून दाब, लिबलिबीत लागल्या तर रोग तिथेच आहे. कॅसेटमुळे (मागच्या गिअर-चकत्यांचा गठ्ठा, तो उजवीकडे असतो) उजव्या तारा जास्त उभ्या बसतात आणि ताठ असतात, डाव्यांना ताण कमीच, त्यात चाक मुळात ढिलं बांधलेलं असेल तर दगडावर आदळलं की जमिनीकडच्या तारा क्षणभर पार सैल पडतात आणि निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचं छोटं नट) आपसूक फिरतो. दुकानात फक्त वाकडं दिसतं तेवढंच ओढून देतात, ढिलेपणा तसाच राहतो.

घरीच कर. सायकल उलटी ठेव, चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारची फ्रेमची आडवी नळी) झिपटाय बांधून टोक रिमपाशी आण, म्हणजे चाक फिरवताना रिम कुठे वाकडी जातीये ते दिसेल, निपलला थेंबभर तेल सोड. बरोबर मापाचाच स्पोक पान्ना घे, नाहीतर निपल गोल होतो. आधी सगळ्या तारा पाव-पाव फेरा घट्ट. वरून, टायरकडून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं (मी पहिल्यांदा उलटं फिरवून चाकाचा पापड केला होता). मग रिम जिथे उजवीकडे जातीये तिथे डाव्या तारा ओढ, उजव्या किंचित सोड. बोटाने तारा छेडून बघ, एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. शेवटी जोड्या मुठीत धरून जोरात आवळ, पीळ बसलेल्या तारा कट-कट करत सुटतील, चाक परत थोडं हलेल, परत सरळ कर. ही पायरी गाळलीस तर पहिल्याच उतारावर चाक पुन्हा आउट.

डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक रिमला धरत नाही, त्यामुळे मिलिमीटरभर हलतंय म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. पण चाक सरळ आणायला दोन-तीन तारा पार सैल सोडाव्या लागत असतील तर रिमच वाकलीये, तिथे पान्ना काही करत नाही. आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणापाशी एकामागून एक तारा तुटत असतील तर सगळ्याच बदलून घे, रिम धड असेल तर तीच चालेल.