अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कायोटी (लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातला रानटी प्राणी) कुठे दिसतात आणि ते खातात तरी काय?

हिवाळ्यात जात असाल तर लामार व्हॅली गाठा. उत्तर प्रवेशद्वारापासून तिथून जाणारा रस्ता वर्षभर गाड्यांसाठी खुला असतो. उजाडताना किंवा दिवस कलताना रस्त्याकडेच्या माळावर नजर ठेवा.

लांबून लांडगाच वाटतो, पण कायोटी त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा. निमुळतं तोंड, मोठे टोकदार कान, आणि पळताना शेपटी खाली. आपला कोल्हा पाहिलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल.

मुख्य खाणं म्हणजे उंदीर, व्होल (उंदरासारखाच, आखूड शेपटीचा छोटा प्राणी), खारी, ससे. बर्फातली शिकार तर बघतच राहावी अशी! चालता चालता तो एकदम थिजतो, मान एका बाजूला कलवतो. बर्फाखाली व्होलची खसखस ऐकू आलेली असते. मग चारही पाय उचलून उंच उडी, आणि नाक थेट बर्फात. बऱ्याचदा रिकाम्या तोंडानेच वर येतो, अंग झटकतो, पुढे चालू लागतो.

लांडग्यांनी मारलेल्या एल्कवर (तिथल्या मोठ्या हरणावर) उरलंसुरलं खायलाही तो येतो. 1995 मध्ये लांडगे परत सोडल्यापासून हे काम मात्र जिवावरचं झालंय, कारण लांडगे कायोटींना मारतात. उन्हाळ्यात नाकतोडे आणि रानफळंही चालतात, आपला कोल्हा बोरं खातो तसंच.

एक कळकळीची विनंती: किमान 23 मीटर लांब राहा आणि बिस्किटाचा तुकडाही टाकू नका. माणसाच्या हातचं खायला सोकावलेला कायोटी गाड्यांपाशी घुटमळतो, आणि चाकाखाली जातो किंवा धीट झाला म्हणून मारावा लागतो.