बोगद्याला नको, स्थानकाच्या खड्ड्याला घाबरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात सातारा रस्त्यालगत पद्मावतीजवळ १९८० च्या दशकातली सोसायटी, स्वारगेट-कात्रज मेट्रोचा बोगदा खालून जाणार अशी कुजबुज, इमारत बघायला माणसं येऊन गेली. आता त्यांना घरात घ्यायचं का, कागदावर सही द्यायची का, की सगळ्यांनी मिळून 'मार्गच बदला' म्हणायचं?

मी मुंबईतला गिरगावकर. तिथल्या भुयारी मेट्रो-३ चं काम आमच्या दारात चाललं आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून कागदपत्रं माझ्याच गळ्यात होती. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बहुतेक सगळे बोगद्याला घाबरतात. खोलवर कातळातून मशीन गोल बोगदा कोरत जातं तेव्हा वरच्या इमारतीला सहसा फारसं काही होत नाही. काही दिवस रात्री घरघर ऐकू येते, शोकेसमधल्या काचा किणकिणतात, म्हातारी माणसं वैतागतात, आणि मशीन पुढे सरकतं. खरा ताप स्थानकाचा. तो खड्डा वरून खणतात आणि तो वर्षानुवर्षं उघडा असतो. बॅरिकेड, कातळफोडी, उपसलं जाणारं पाणी, रात्रीचे डंपर, हलवलेल्या ड्रेनेज लाइनी, गिऱ्हाईक तुटलेली दुकानं हे सगळं त्याच्या भोवती. म्हणून 'बोगदा आमच्याखालून जातो का' याच्या आधी स्थानकाचा खड्डा, त्याची दारं, हवा खेळवणारे शाफ्ट आणि ठेकेदाराचं यार्ड आपल्या कुंपणापासून किती मीटरवर येतंय ते विचारा. नकाशा तोंडी समजावून घेऊ नका, प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

आमच्याकडे गिरगाव आणि काळबादेवी ही दोन स्थानकं अशीच अवघड होती. जगन्नाथ शंकरशेट रस्ता इतका चिंचोळा की अख्खं स्थानक वरून खणायला जागाच नाही. म्हणून थोडा भाग वरून खणला आणि फलाटांचा भाग खालून टप्प्याटप्प्याने कातळ फोडत केला. तरीही इमारती गेल्याच. २०१५ मध्ये केवढा विरोध झाला ते आठवत असेल. मार्ग हलला नाही. पण 'दूरच्या माहूल-मानखुर्दला जाणार नाही, इथलं घर इथेच' हा हट्ट लोकांनी सोडला नाही, आणि त्याच भागात पुनर्वसनाच्या इमारती बांधायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या चाळीत राहिलेल्यांसाठी ते फार मोठं होतं.

पारशी समाजाचंही तसंच. प्रिन्सेस स्ट्रीटचं वाडियाजी आतश बेहराम आणि धोबीतलावचं अंजुमन आतश बेहराम या अग्निमंदिरांच्या खालून बोगदा नको, अग्नीचं पावित्र्य आणि आवारातली विहीर यांना बाधा येईल, म्हणून २०१८ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. काम कायमचं थांबलं नाही. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांना मात्र २०१७ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ कामबंदीचा आदेश मिळाला होता. पुढे तो सैल झाला, पण तोवर आवाजाचा विषय ठेकेदाराला हसण्यावारी नेता येईना.

सांगायचं हे, की केंद्राची मंजुरी झाल्यावर आखणी मुळापासून बदलायला लावणं जवळजवळ अशक्य. स्थानकं, दारं, कामाच्या वेळा, भरपाई इथे मात्र रेटा चालतो. तुमच्याच मार्गाचं बघा ना. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ५.४६ किलोमीटरला मंजुरी दिली तेव्हा स्थानकं तीनच होती. लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन वाढीव मंजूर केली. अर्थात वाढीव स्थानक म्हणजे वाढीव खड्डा, हे मागणी करताना कुणी बोलत नाही!

आता सर्वेक्षण. माणसांना आत घ्या, शंभर टक्के घ्या. आमच्या शेजारच्या चाळीने 'सही केली म्हणजे संमती दिली' या भीतीने दार लावून घेतलं. नंतर जिन्याच्या भिंतीला तडा गेला तेव्हा 'हा आधीचाच' हे उत्तर मिळालं आणि खोडून काढायला हातात एक फोटो नव्हता. काम सुरू व्हायच्या आधीची स्थिती कागदावर असणं यातच तुमचा फायदा आहे. फक्त सहीच्या वर 'केवळ पाहणीसाठी, प्रकल्पास संमती नाही' असं हाताने लिहा आणि अहवालाची प्रत घेतल्याशिवाय राहू नका. प्रत्येक तडा नुसता लांबून टिपू नका. शेजारी मोजपट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढा. गच्ची, पाण्याची टाकी, मागचा जिना, मीटरची खोली हे हमखास राहून जातं. जुन्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालतात. तडा रुंदावला की काच फुटते, इतकं साधं. सोसायटीने स्वतःचं स्ट्रक्चरल ऑडिटही करून घ्यावं. खर्चाला कुरकुर होईल, होऊ द्या.

तुमच्या भागात माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणलेला जमिनीखालचा नळ आणि त्याचे उच्छ्वास (नळातली हवा सोडणारे उभे बांधकाम) याच पट्ट्यात आहेत. खड्डा उघडा असताना पावसाचं पाणी कुठे वळवणार, उपशाने बोअरवेल आटली तर टँकर कोण देणार, जुन्या नळाची जागा नकाशावर दाखवली आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. सुनावणीत 'आमच्या भावना' वगैरे दोन मिनिटांत आटपा, उरलेला वेळ यावर घालवा.

शेवटचं, पण तुमच्या सोसायटीच्या वयाकडे बघता कदाचित पहिलं : पुनर्विकासाचं काही चाललंय का? मेट्रोच्या १९७८ च्या कायद्यात जमीन न घेता नुसता वापराचा हक्कही संपादित करता येतो. बोगद्याच्या वर किंवा लगत नवी इमारत उभी करायची तर मेट्रोची ना-हरकत लागते, आणि तळघर किती खोल, पाया कसा, यावर बंधनं येऊ शकतात. दोन तळघरांचं पार्किंग दाखवून बिल्डर जागा वाढवून देतो म्हणत असेल, तर करारावर सही करण्याआधी त्यालाच ती ना-हरकत आणायला लावा.