सोनटक्का फुलत नाही म्हणून दुकान गाठू नका

गेल्या पंधरा दिवसांत सोनटक्क्यावर तिघांनी विचारलंय म्हणून एकदमच लिहून टाकतो. गुहागरच्या ताईंचा सोनटक्का डोक्याच्या वर गेलाय पण भाद्रपद निम्मा सरला तरी एक कळी नाही. बारामतीच्या दादांच्या झाडाचे शेंडे करपलेत, वर दोन कोंब पिवळे पडून आडवे झालेत. आणि पुण्यातल्या एकांना गच्चीवर कुंडीत लावायचाय.

ताई, आधी तुमचं. दुकानदाराने दर आठ दिवसांनी मूठभर युरिया आणि वरून कसलं तरी बूस्टर मारायला सांगितलं असं तुम्हीच लिहिलंय, मग अजून काय शोधायचं? युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं फोफावतात, फुलं राहतात बाजूला. हेच मी किती परसांत बघितलंय, हिरवागार रान माजल्यासारखा सोनटक्का आणि गजऱ्यापुरतं फूल नाही. युरिया बंद. बूस्टर पण बंद, त्या बाटलीत काय आहे ते लेबलवर धड लिहिलेलं नसतं आणि विकणाऱ्याला पण माहीत नसतं. तुमच्या फोटोत अजून एक दिसतंय, गेल्या वर्षीचे वाळके दांडे तसेच उभे आहेत. एक दांडा एकदाच फुलतो, नंतर तो नुसती जागा अडवतो, तर तो बुडातून कापायचा, अर्ध्यावरून नाही. आणि वर फणसाची गच्च सावली आहे ती थोडी उघडा, सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं पाहिजे. गादी तीन-चार वर्षांत दाटते, मे अखेरीस खणून गड्डे, म्हणजे जमिनीतले कंद, वेगळे करा, प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे ठेवा, दोन इंच मातीखाली लावा. त्याहून खोल नको, कंद वरवरच पसरतो.

माझं विचाराल तर सोनटक्क्याला सोडणांसारखं, म्हणजे नारळाच्या तंतूंच्या सालांसारखं, दुसरं काही नाही. नारळाची सोडणं उपडी घालून बुडाभोवती पसरा, वर पालापाचोळा, जूनमध्ये दोन घमेली कुजलेलं शेणखत, जुलै अखेर अजून एक, बस्स. उन्हाळ्यात सोडणाखाली हात घालून बघा, वरची माती भाजत असते आणि खाली गार ओल लागते. आपल्या आज्या न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का लावायच्या ते उगाच नाही, त्याला ओल लागतेच, फक्त आता त्या पाण्यात वॉशिंग पावडर आणि ब्लीच असतं, ते पाणी झाडाला सोडू नका.

आता बारामती. दादा, शेंडे करपलेत ते दुपारच्या उन्हाने, तिथे पश्चिमेला काहीतरी आडोसा करा. पण कोंब आडवे पडतायत हे वेगळं दुखणं आहे. पिवळा कोंब दोन बोटांनी हलकेच ओढा, अलगद हातात आला आणि बूड पिचपिचीत, घाण वासाचं असेल तर कंदकूज. चांगला गड्डा मोडला की कडक मोडतो आणि आल्यासारखा वास येतो. काळ्या मातीत पाणी साचलं की हे होणारच. गड्डे काढा, सडका भाग कापून जाळा, निरोगी भाग उंच गादीवर लावा. कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला अडीच ग्रॅम, एकदा आळवणी, म्हणजे बुडाशी ओतायचं. अडीच म्हणजे अडीच, "जरा जास्त टाका, लवकर गुण येतो" असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडून परत औषध घेऊ नका. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) नंतर पंधरा दिवसांनी शेणखतात मिसळून. दुकानदार दोन्ही एकाच दिवशी देतो, तांबं ट्रायकोडर्माला मारतं, तुमचे दोन्हीचे पैसे पाण्यात.

आणि ते कागदाच्या पुडीतले फोरेट या जहाल कीटकनाशकाचे दाणे कंदमाशीसाठी (हिच्या अळ्या कंद पोखरतात) म्हणून दिलेत ना, ते अजिबात टाकू नका. फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. परसात कोंबड्या फिरतात, पोरं खेळतात, काय चाललंय काय! पुडीला हात लावू नका, जो विकतोय त्याच्याकडे बिल मागा आणि तालुका कृषी कार्यालयात तक्रार द्या. बिल देणारच नाही तो, तरी तक्रार द्या.

अनुदानाचं पण दादांनी विचारलंय. फुलपिकांना आहे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पण ते शेतातल्या लागवडीला, परसातल्या पाच गड्ड्यांना नाही.

पुणेकर, आत्ता लावू नका. नर्सरीत आत्ता फुललेली सोनटक्क्याचीच कुंडी 'गुलबकावली' म्हणून चढ्या भावाने देतील, घरी आणली की पुढे थंडीत मरगळते आणि तुम्ही मेली म्हणून फेकता. (आणि गुलबकावली म्हणजे डोळ्यांचं औषध, तो गोष्टीतला प्रकार, फुलांचा रस खरंच डोळ्यात घालणारे भेटलेत म्हणून सांगतो, घालू नका.) कोकणातल्या कुणाकडून तरी मे महिन्यात गड्डा मागा, फुकट मिळतो. कुंडी सोळा इंच रुंद, खाली भोकं मोकळी, उन्हाळ्यात रोज पाणी, डिसेंबरनंतर पानं पिवळी पडली की पाणी कमी. तेव्हा घाबरून खत घालायचं नाही. जास्तीचे गड्डे ओढ्यात वगैरे टाकू नका, हवाई आणि ब्राझीलमध्ये हाच सोनटक्का ओढ्याकाठचं तण होऊन बसलाय.

फुलं संध्याकाळी उमलतात, गजऱ्याला हव्यात तर चारच्या सुमाराला टपोऱ्या कळ्या खुडा आणि ओल्या फडक्यात ठेवा.