ईस्ट रदरफर्डचं घर घ्या, पण भाडेकरूच्या हिशोबाने

प्रश्न थोडक्यात: आम्ही दोघं आयटीत आहोत आणि जर्सी सिटीत 3,100 डॉलर भाडं भरतो. मुलगी दुसरीत आहे. दोघांचं मिळून उत्पन्न 2 लाख 10 हजार, बचत 1 लाख 10 हजार. एच-1बी व्हिसा आहे, ग्रीन कार्डची रांग चालू आहे. न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफर्डमध्ये 7 लाख 60 हजार डॉलरचं टू-फॅमिली घर पाहिलंय, रूट 17 या हायवेच्या पश्चिमेला, चढावर. वर आम्ही राहू. खालचा मजला भाडेकरूला न देता गावातल्या मेटलाइफ स्टेडियममधल्या मॅच आणि कॉन्सर्टच्या दिवसांत एअरबीएनबीवर देऊ, वर्षाला 120 रात्री, 275 डॉलर दराने. 2026 च्या उन्हाळ्यात तर फुटबॉल (सॉकर) वर्ल्ड कपची फायनलच तिथे आहे. डाऊन पेमेंटसाठी पुण्यातला वडिलांकडून आलेला फ्लॅट (साधारण 85 लाख रुपये) लगेच विकायचा विचार आहे. एजंट म्हणतो, घाई करा.

उत्तर:

तुमच्या पत्रात खरं तर तीन निर्णय एकात मिसळलेत: घर घ्यायचं का, खालचा मजला कुणाला द्यायचा आणि पुण्याचा फ्लॅट कधी विकायचा. पहिल्याला माझं उत्तर ‘हो, पण आत्ता नको’. दुसऱ्याला ‘भाडेकरूला’. तिसरा सगळ्यात किचकट आहे, त्यामुळे तो शेवटी घेतो.

आधी गाव समजून घेऊ. 2020 च्या जनगणनेत ईस्ट रदरफर्डची लोकसंख्या 10,022 होती. मेटलाइफ स्टेडियममध्ये खुर्च्या आहेत 82,500. म्हणजे गावातली सगळी माणसं, तान्ह्या बाळांसकट, मैदानात नेऊन बसवली तरी आठातल्या सात खुर्च्या रिकाम्या राहतील. जायंट्स आणि जेट्स हे अमेरिकन फुटबॉलचे दोन्ही संघ नावाने न्यूयॉर्कचे, खेळतात जर्सीत. वर्ल्ड कपपुरतं त्या मैदानाचं नाव ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ असणार आहे. बिचाऱ्या बरोचं (छोट्या गावाच्या नगरपालिकेला इथे बरो म्हणतात) नाव त्यातही नाही.

पैशांचंही तसंच आहे. क्रीडासंकुलाची जमीन राज्याच्या प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. त्यामुळे एरवी दुकानाकडून किंवा घराकडून मिळतो तसा मालमत्ता कर बरोला तिथून मिळत नाही, त्याऐवजी ठरलेली रक्कम मिळते. प्रेक्षक हायवेवरून येतात, तिथल्याच पार्किंगमध्ये गाडी लावून तिथेच शेगडी पेटवतात, मॅच बघतात आणि हायवेवरून निघून जातात. तुमचं घर आणि स्टेडियम यांच्या मध्ये रूट 17 आहे. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण ते पायी कापणं सोपं नाही. मेडोलँड्स स्टेशनची गाडीसुद्धा फक्त कार्यक्रमाच्या दिवशी धावते. रोज ऑफिसला जायला तुम्हाला रदरफर्ड स्टेशन किंवा मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथोरिटी टर्मिनलला जाणारी बसच धरावी लागेल.

आता तुमच्या 120 रात्री कुठून आल्या ते पाहू. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे एनएफसी आणि एएफसी असे दोन विभाग आहेत. दर मोसमाला एका विभागातल्या संघांचे 8 आणि दुसऱ्यातल्यांचे 9 सामने घरच्या मैदानावर असतात. जायंट्स एनएफसीत, जेट्स एएफसीत, म्हणून दोघांचे मिळून 17. सरावाचे 3 धरले की 20. एखादा ‘घरचा’ सामना लंडनला गेला, जसा 2025 मध्ये जेट्सचा गेला, तर 19. मोठ्या कॉन्सर्ट उदारपणे 20 धरू. झाल्या 40 रात्री. फुटबॉलचा बहुतेक प्रेक्षक आसपासचा, रात्री घरी जाऊन झोपणारा. त्यातले काही जण तुमच्याकडे थांबतील असं मानून चाळीसच्या चाळीस रात्री भरल्या तरी 275 ने 11,000 डॉलर होतात. तुम्ही धरलेत 33,000.

त्या 11,000 मधूनही साफसफाई, वेबसाइटचं कमिशन, वीज, चादरी आणि रिकाम्या दिवसांचं हीटिंग जायचंय. राज्याचा 6.625 टक्के विक्रीकर आणि 5 टक्के ऑक्युपन्सी शुल्क पाहुण्याच्या बिलात जातं, म्हणजे त्याला तुमचा दर 275 चा 300 च्या वर दिसतो. शेजारी मेडोलँड्सची हॉटेलं आहेतच. आणि मुळात असं अल्पमुदतीचं भाडं बरोला चालतं का, चाललं तर कोणत्या परवान्याने, हे एजंटला नाही, बरो क्लार्कच्या ऑफिसला लेखी विचारायचं असतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

याउलट खालच्या मजल्याला 2,500 भाडं येईल असं तुम्हीच लिहिलंय. वर्षातला एक महिना रिकामा धरला तरी 27,500. एका बाजूला रात्री-अपरात्री कुलपाचा कोड विचारणारे पाहुणे, दुसऱ्या बाजूला पहिल्या तारखेला येणारा चेक, आणि चेकची रक्कम अडीच पट. मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. एच-1बीवर असताना घर भाड्याने देऊन भाडं घेणं वेगळं आणि रोज पाहुण्यांची ये-जा सांभाळणं वेगळं. या दुसऱ्या कामाला कुणी ‘धंदा’ म्हटलं, तर तो परवानगीशिवाय केलेला धंदा ठरू शकतो. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर शनिवारच्या 275 डॉलरसाठी ही जोखीम मी घेणार नाही. तरी मन राहत नसेल, तर एअरबीएनबीवर नाव टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

आता वर्ल्ड कप. मेटलाइफला 8 सामने आहेत: 13, 16, 22, 25, 27 आणि 30 जून, 5 जुलै आणि 19 जुलैची फायनल. आठ सुट्या रात्री, पाच आठवड्यांत पसरलेल्या. समजा, फायनलच्या आठवड्यात तुम्हाला स्वप्नातला दर मिळाला आणि 5,000 डॉलर हातात आले. 7 लाख 60 हजारांच्या घराचा निर्णय 5,000 च्या एकदाच मिळणाऱ्या रकमेवर ठरवायचा? उलट या काळात विकणारा प्रत्येक जण जाहिरातीत वर्ल्ड कप लिहितोय आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच मागतोय. कित्येक मित्रांनी मला 2024 च्या जूनमध्ये लाँग आयलंडच्या आयझेनहॉवर पार्कमधले क्रिकेटच्या टी-20 वर्ल्ड कपमधल्या भारत-पाक सामन्याचे फोटो पाठवले होते. 34,000 खुर्च्यांचं ते स्टेडियम तिथले सामने संपल्यावर उचकटून नेलं. मेटलाइफ उचकटणार नाहीत, पण 20 जुलैनंतर त्या जाहिरातीतलं वाक्य नक्की जाईल.

मेडोलँड्सच्या या दलदलीवर मोठ्या आशा लावणारे तुम्ही पहिले नाही. तिथल्या मॉलचं काम ‘झनाडू’ नावाने 2004 मध्ये सुरू झालं, मध्ये रखडलं, आणि 2019 मध्ये ‘अमेरिकन ड्रीम’ नावाने दार उघडलं, म्हणजे पंधरा वर्षांनी. 1981 मध्ये उघडलेली इनडोअर अरीना 2015 मध्ये बंद झाली. त्याआधी आइस हॉकीचा डेव्हिल्स संघ नेवार्कला आणि बास्केटबॉलचा नेट्स नेवार्कमार्गे ब्रुकलिनला गेला होता. उत्तर जर्सीत कसिनो येणार म्हणून 2016 मध्ये बरीच हवा झाली, मतदारांनी ते सपशेल फेटाळलं. रेसट्रॅक मात्र 1976 पासून टिकून आहे. घोड्यांचं बरं चाललंय म्हणायचं.

एवढं सगळं बोलूनही घर मला वाईट वाटत नाही. स्टेडियम खोडून टाकू आणि साधं घर म्हणून हिशोब मांडू. 20 टक्के डाऊन म्हणजे 1 लाख 52 हजार. कर्ज 6 लाख 8 हजार, तुमच्या लेंडरच्या 6.5 टक्क्यांनी 30 वर्षांचा हप्ता 3,843. तुम्ही दिलेला मालमत्ता कर महिन्याला 1,100, विमा 250, आणि जुनं घर म्हणून दुरुस्तीला 630 वेगळे काढायचेच. एकूण साधारण 5,820. भाड्याचे सरासरी 2,290 वजा केले की तुमच्या खिशातून 3,530 जातात, आजच्या भाड्यापेक्षा 430 जास्त. पहिल्या वर्षी हप्त्यातून मुद्दल महिन्याला सरासरी 565 फिटतं. म्हणजे स्टेडियममधून एक डॉलरही न घेता घर जेमतेम स्वतःच्या पायावर उभं राहतं. मला अशीच घरं आवडतात.

कराच्या सवलतींवर फार विसंबू नका. भाड्याच्या मजल्याचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत मिळतो, पण कागदावर तोटा दिसला तरी दीड लाखाच्या वरच्या उत्पन्नाला तो पगारातून आत्ता वजा करता येत नाही, पुढे ओढावा लागतो. ‘14 दिवसांपर्यंतचं भाडं करमुक्त’ हे तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलं ते फेडरल करापुरतं खरं आहे, पण तो नियम स्वतः राहता त्या घराला लागू होतो. पाहुण्यांसाठीच ठेवलेल्या खालच्या मजल्याला नाही, आणि 120 रात्रींना तर नाहीच.

भाडेकरू ठेवताना दोन गोष्टी. घर 1978 च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाच्या तपासणीचा कायदा लागू होतो, त्याचा खर्च किंमत ठरवतानाच बोला. आणि डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेऊ नका: मालक राहत असलेल्या अशा छोट्या घरात ही कायदेशीर मर्यादा भाडेकरूने लेखी मागणी केली की लागू होते. तुम्ही तीन महिन्यांचं लिहिलंय, ते पुण्याच्या सवयीने असावं. भाडेकरूला काढणं न्यू जर्सीत अवघड असतं हे खरं, पण मालक स्वतः राहत असलेल्या दोन-तीन कुटुंबांच्या घराला त्या कायद्यातून सूट आहे. वर तुम्ही राहणार, ही तुमची जमेची बाजू आहे.

पुण्याच्या फ्लॅटकडे वळतो. तो विकायला माझी हरकत नाही. 24 हजार भाडं म्हणजे वर्षाला 2 लाख 88 हजार, 85 लाखांवर 3.4 टक्के, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि दर दिवाळीला गळणारा एक तरी नळ. पण ‘लगेच’ विकू नका. वडिलांनी 11 लाखांना घेतलेला फ्लॅट 85 ला विकला तर भारतात नफा धरतात 74 लाख. 12.5 टक्के, वर सरचार्ज आणि सेस धरून कर साडेदहा लाखांच्या आसपास. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी आणलं नाही तर तो सहसा पूर्ण किमतीवर कापतो, म्हणजे बारा लाखांच्या वर. वरचे दीड लाख मग रिफंड येईपर्यंत अडकतात. ते प्रमाणपत्र, एनआरओ खातं (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) आणि पैसे परदेशी पाठवण्याचे फॉर्म ही सगळी कामं एका दिवसात होत नाहीत. स्वतः पुण्याला जा किंवा कुणाला मुखत्यारपत्र द्या, चार-सहा महिने सहज जातील.

इथल्या करासाठी मात्र गंमत वेगळी आहे. वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत अमेरिका वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीची धरते. तुम्ही 2019 म्हणता. तेव्हा फ्लॅट 62 लाखांचा असेल आणि डॉलर 70 रुपयांना, तर तो झाला साधारण 88 हजार डॉलर. आजचे 85 लाख, डॉलर 88 रुपयांना धरला तर, 96 हजार. भारतात 74 लाखांचा नफा, इथे जेमतेम आठ हजार डॉलरचा. त्यासाठी 2019 चा मूल्यांकन अहवाल हवा. पुण्यातला सरकारमान्य व्हॅल्युअर मागच्या तारखेचं मूल्यांकन आजही करून देतो. एनआरओत पैसे आले की एफबार (परदेशी खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती) भरायला विसरू नका.

सगळं वजा जाता हातात येतील साधारण 80 हजार डॉलर. बचत धरून 1 लाख 90 हजार. डाऊन पेमेंट आणि क्लोजिंगचे (खरेदी पूर्ण करतानाच्या खर्चाचे) 20 हजार मिळून लागतात 1 लाख 72 हजार. उरतात 18 हजार, म्हणजे महिन्याच्या त्या 5,820 च्या खर्चाचे तीन महिने. एच-1बीवर नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची असते, आणि तेव्हाच खालचा भाडेकरू सोडून गेला असं होऊ शकतं. मला सहा महिन्यांच्या खर्चाचे, 35 हजार, बाजूला दिसायला हवेत. दरमहा 2,000 टाकलेत तर ऑक्टोबर 2026 पर्यंत जमतील. तोवर फ्लॅट निवांत विकला जाईल, वर्ल्ड कप आटोपलेला असेल, आणि मुलगीही तिसरीत जाईल. हायस्कूलची घाई नाही. आठवीपर्यंत बरोच्याच शाळा आहेत, पुढे कार्लस्टॅडबरोबर सामाईक बेक्टन रीजनल.

हेच घर तोवर गेलं तर जाऊ दे. त्या चढावर अशी टू-फॅमिली घरं पुन्हा बाजारात येतात. चढाचा आग्रह मात्र सोडू नका. 2012 च्या सँडीत शेजारच्या मूनाकी आणि लिटल फेरीत पाणी घरांत शिरलं होतं. मार्च 2024 पासून विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते, तो फॉर्म ऑफर देण्याआधी मागा. साध्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा इमारतीला अडीच लाखांपर्यंतच असतो आणि तो लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात.

तोपर्यंत एक काम करा. जायंट्स किंवा जेट्सची मॅच असेल त्या रविवारी, मॅच सुटायच्या वेळी मुलीला घेऊन त्या गल्लीत जा. दूधपिशवी आणायला निघाल्यासारखी गाडी रूट 17 वर घाला आणि परत यायला किती वेळ लागतो ते मला कळवा.